बाग सगळ्यांची : महाराजा सयाजीराव गायकवाड

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून ही स्मरणिका निघते आहे, आणि जुन्या सभासदांनी काही ना काही लिहून द्यावं असा समितीचा आग्रह आहे. प्लॉट पाडल्यापासूनची हकीकत, पाण्याच्या टाकीची कथा, रस्त्याच्या डांबरीकरणासाठी घातलेल्या चकरा, हे सगळं बाकीची मंडळी लिहिणारच आहेत. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा मी आपला एका राजाविषयी लिहितो. राजा बडोद्याचा आहे, पण विषय आपल्या घरचाच आहे. कसा, ते शेवटी सांगतो. तोवर जरा दम धरा.

झालं असं, की मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे वडोदऱ्याला महिनाभर राहून आलो. जावईबापू तिकडे कारखान्यात आहेत. लेकीच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर सयाजी बाग. तिथली माणसं तिला अजूनही कमाटी बागच म्हणतात. सकाळचं फिरणं माझं तिथेच होऊ लागलं. फाटकाबाहेर घोड्यावर बसलेल्या सयाजीरावांचा पुतळा आहे. सगळा चौकच काळा घोडा या नावाने ओळखला जातो. आत शिरलं की ११३ एकरांची बाग. बाजूने विश्वामित्री नदी वाहते, आणि त्या नदीत चक्क मगरी आहेत! आत जुनी झाडं, प्राणिसंग्रहालय, लेकरांची छोटी आगगाडी, फुलांचं घड्याळ, बँडस्टँड आणि १८९४ सालचं वस्तुसंग्रहालय. त्या वस्तुसंग्रहालयात व्हेल माशाचा सांगाडाही आहे आणि इजिप्तची ममीही.

पण मला नवल वाटलं ते माणसांचं. पहाटे पळणारी पोरं, काठी टेकत चालणारे म्हातारे, बुरख्यातल्या बायका, डोक्यावर पदर घेतलेल्या मारवाडणी, हिरवळीवर आडवा झालेला हमाल, अभ्यास करणारे विद्यार्थी. तू कोण, कुठला, इथे कशाला आलास, असं कुणी कुणाला विचारत नव्हतं. ही बाग ज्याने दिली तो माणूस कोण होता, हे शाळेत मी एका धड्यापुरतं शिकवलं होतं. आता निवांत होतो, म्हणून पुन्हा वाचायला बसलो.

सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ मधला, आणि तोही राजवाड्यात नव्हे, तर नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावात. घरचं नाव गोपाळ. वडील काशीराव, आई उमाबाई. आडनाव गायकवाड आणि घराणं बडोदेकरांच्याच दूरच्या शाखेतलं, पण जगणं साधं शेतकऱ्याचं. बारा वर्षांचा होईपर्यंत या पोराला धड अक्षरओळख नव्हती. आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यातलं लेकरू डोळ्यांपुढे आणा, तसंच.

तिकडे बडोद्यात भलताच गोंधळ चालला होता. खंडेराव महाराज १८७० मध्ये वारले. त्यांच्या मागे भाऊ मल्हारराव गादीवर आले. त्यांचा कारभार फार बिघडला, रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप आला, आणि १८७५ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं. गादी रिकामी झाली. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. मग घराण्याच्या शाखांमधून मुलांचा शोध सुरू झाला आणि तो कवळाण्याला येऊन पोचला. गोपाळ, त्याचे दोन भाऊ आणि इतर मुलं बडोद्याला नेली गेली. इथे कशाला आलात, असं मुलांना विचारलं तेव्हा बाकीची गोंधळली, गोपाळने मात्र राज्य करायला आलो असं न अडखळता सांगितलं, अशी गोष्ट तिकडे घरोघर सांगतात. गोष्ट गोष्टीच्या जागी राहू द्या. निवड गोपाळची झाली हे खरं. मे १८७५ मध्ये दत्तकविधान, जूनमध्ये राज्यारोहण, आणि गोपाळचा सयाजीराव झाला. इतिहासात त्यांना तिसरे सयाजीराव म्हणतात.

आपल्यातल्या ज्यांनी गुलाब लावलेत त्यांना हे दत्तक प्रकरण लवकर कळेल. चांगला गुलाब करायचा तर गावठी गुलाबाचा दमदार खुंट घ्यायचा, त्याची साल अलगद चिरायची आणि त्यात दुसऱ्या झाडाचा डोळा भरायचा. गुलाबावर गुलाबाचाच डोळा धरतो, म्हणजे जात एक हवी. पण डोळा धरला तरी काम संपत नाही. खुंटाची फूट काढत राहावी लागते, पाणी बेताने घालावं लागतं, आणि फूल दिसेपर्यंत वाट बघावी लागते. सयाजीरावांच्या बाबतीत ही राखण सहा वर्षं चालली.

राखणारी माणसं मोठी होती. दिवाण होते सर टी. माधवराव, म्हणजे कुंभकोणमचे मराठी गृहस्थ. आधी त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून आलेले. शिक्षक होते ईलियट नावाचे इंग्रज. अक्षर न येणाऱ्या मुलाला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम सुरू झाल्या. सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यास, कसरत, घोडेस्वारी. वर्गात उशिरा बसवलेलं पोर किती अवघडतं, हे मी मास्तर म्हणून जवळून पाहिलेलं आहे. या मुलाने ते सगळं सोसलं. पुढे जन्मभर वाचनाची जी भूक लागली ती इथलीच असावी, असं मला वाटतं. ज्याला अक्षर उशिरा मिळतं, त्याला त्याची किंमत जास्त कळते.

कमाटी बाग याच काळातली, १८७९ ची. तेव्हा महाराज सोळा वर्षांचे, पूर्ण अधिकार अजून हातात आलेले नव्हते, कारभार माधवराव पाहत होते. म्हणजे एकट्या महाराजांनी नांगर धरून ती बाग केली असं नाही. पण ती त्यांच्या राज्यात सुरू झाली, त्यांच्या नावाची झाली, आणि पुढची साठ वर्षं त्यांनी ती वाढवली. राजाची बाग म्हटली की भिंत, पहारा आणि राणीवशाचा पडदा, हेच आपल्याला माहीत असतं. ही बाग मात्र रयतेसाठी होती.

डिसेंबर १८८१ मध्ये पूर्ण अधिकार मिळाले, आणि या तरुण राजाने कामाचा धडाकाच लावला. बडोदा कॉलेज उभं राहिलं. १८९० मध्ये कारागिरी आणि उद्योग शिकवणारं कलाभवन निघालं. १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत त्यांनी सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं. जमतंय असं दिसल्यावर १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. मुलींनाही! तारखांकडे नीट बघा. इंग्रजांच्या मुलखात असाच कायदा व्हावा म्हणून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक आणलं, तर ते नामंजूर झालं. आपल्याकडे तर निजामाचं राज्य. माझे आजोबा जे काही शिकले ते उर्दूत, आणि आजी कधी पाटीला शिवलीच नाही. त्याच वेळी बडोद्याच्या खेड्यातली एखादी बाई शाळेत बसून बाराखडी गिरवत होती.

नुसतं शिकवून भागत नाही, पुढे वाचायला काहीतरी लागतं, हेही त्यांनी ओळखलं. १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून त्यांनी राज्यभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. मोठ्या गावात वाचनालय, आणि लहान गावात पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी. एका गावाने वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी घालणारा कायदा, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा. ज्या बँकेत आपल्यापैकी कुणाकुणाची खाती असतील, ती याच राजाची कल्पना.

बागेचंही तसंच. १८९३ मध्ये त्यांनी क्रुम्बिगेल नावाचा एक जर्मन बागशास्त्रज्ञ बडोद्याला आणला. लंडनजवळच्या क्यू उद्यानात शिकून तयार झालेला माणूस. पंधरा वर्षं तो बडोद्याच्या बागा पाहत होता. १९०८ मध्ये म्हैसूरकरांनी त्याला मागून घेतला, आणि बंगळुरूची लालबाग त्याच्या हाताखाली बहरली. लालबागेतला गुलाबांचा बगीचा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी सहलीत पाहिला असेल, फोटोही काढले असतील. तिथल्या या मोठ्या बागवानाला हिंदुस्थानात पहिल्यांदा कुणी आणलं, तर कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या पोराने. हे मी सांगितल्यावर आमच्या सौ.नी लगेच विचारलं, की मग आपल्या धर्माबादच्या उन्हात गुलाब टिकवायची काही युक्ती त्याने लिहून ठेवली आहे का? आता काय सांगणार!

या माणसाचं सगळं सुखाचंच होतं असं मात्र नाही. पहिली पत्नी तंजावरची, चिमणाबाई. लग्नाला पाच वर्षं झाली आणि १८८५ मध्ये ती गेली. त्यांचा मुलगा फत्तेसिंहराव १९०८ मध्ये ऐन तारुण्यात वारला. पुढे शिवाजीराव आणि जयसिंहराव हे मुलगेही बापाच्या डोळ्यांदेखत गेले. दुसऱ्या पत्नीला, देवासच्या गजराबाईंनाही सासरी चिमणाबाई हेच नाव मिळालं. त्यांनी पडदा सोडला आणि स्त्रियांच्या कामात नाव कमावलं. इंग्रजांशी महाराजांचं कधी फार जमलं नाही. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे इतर राजांसारखं न वाकता ते एकदाच मान लववून पाठ फिरवून चालते झाले, म्हणून केवढा गहजब झाला. शेवटी दिलगिरीचं पत्र द्यावं लागलं. सत्तेपुढे त्यांनाही कुठे कुठे माघार घ्यावी लागली, हे विसरून चालणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

अस्पृश्य मुलांसाठी सयाजीरावांनी अगदी सुरुवातीपासून शाळा काढल्या होत्या. तिथे जायला सवर्ण शिक्षक तयार होईनात, तेव्हा मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक नेमले, पण शाळा बंद पडू दिल्या नाहीत. याच धोरणातून त्यांनी मुंबईच्या एका हुशार विद्यार्थ्याला कॉलेजसाठी दरमहा पंचवीस रुपये दिले, आणि १९१३ मध्ये त्याला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. अट एवढीच, की परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची.

ती अट पाळायला बाबासाहेब सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याला आले. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकलेला सव्वीस वर्षांचा तरुण. राजाने शिकवलं, राजाने नोकरी दिली. पण राहायला घर? अख्ख्या शहरात त्यांना कुणी खोली देईना. शेवटी एका पारशी खानावळीत पारशी नाव सांगून ते राहिले. कचेरीतही लोक अंतर राखूनच. अकराव्या दिवशी खोटं नाव उघडं पडलं. लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोड म्हणाले. बाबासाहेबांनी दोन ओळखीच्या माणसांकडे विचारून पाहिलं. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सभ्य भाषेत कारणं सांगितली आणि दार उघडलं नाही. सरकारी बंगल्याची मागणी दिवाणांकडे गेली होती, तिचंही काही झालं नाही.

मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास कुठे काढायचे? त्या शहरात एकच जागा अशी होती, जिथे आत शिरताना कुणी नाव-गाव-जात विचारत नव्हतं. ती म्हणजे कमाटी बाग. तिथे ते झाडाखाली बसून राहिले आणि रडले. आपल्या माणसांना या अपमानातून बाहेर काढायचं, असा निश्चय त्यांनी तिथे केला, असं मानतात. तारीख २३ सप्टेंबर १९१७. बागेतली ती वडाखालची जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आपण १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन करतो ना, त्यानंतर सहा दिवसांनी तिथे दरवर्षी माणसं लोटतात.

मी त्या वडाजवळ बराच वेळ बसलो होतो, आणि मला आपली सोसायटी आठवत होती. कारण सांगतो. हे लिहावं की नाही याचा आठ दिवस विचार केला. लिहितो.

सोसायटी नवी होती तेव्हाची गोष्ट. माझ्या घराची वरची खोली रिकामी होती. नव्याने बदलून आलेला एक तरुण नोकरदार ऊन डोक्यावर असताना खोली विचारत आला. बोलायला नम्र, हातात एक बॅग. मी नाव विचारलं. त्याने पहिलं नाव सांगितलं. मी आडनाव विचारलं. ते सांगितल्यावर मी म्हणालो, की खोली पुतण्यासाठी ठेवली आहे. मला त्या वेळी शिकायला येणारा कुठलाच पुतण्या नव्हता. त्याला ते कळलं असणार. तो काही बोलला नाही. संध्याकाळी दूध आणायला निघालो, तर तो आपल्या खुल्या जागेत कडुलिंबाखाली बॅगेवर बसलेला. तेव्हा तिथे ना बाग होती ना कुंपण, नुसतं कडुलिंबाचं झाड आणि नळ. नळावर पाणी पिऊन तो स्टेशनच्या दिशेने गेला. मी मान खाली घालून दूध घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी वर्गात बाबासाहेबांचाच धडा शिकवला.

बडोद्याच्या त्या दोन ओळखीच्यांनी सांगितलेली कारणं वाचताना मला माझा पुतण्या आठवला. एवढा पराक्रमी राजा, पण त्याच्याही हुकमाने शहरातल्या एका घराचं दार उघडलं नाही. कायद्याने शाळा उघडल्या, बाग उघडली. घराचं दार मात्र घरातल्यानेच उघडावं लागतं, आणि मी ते उघडलं नव्हतं. त्या तरुणाची माफी मागायला आता तो कुठे आहे हेही मला माहीत नाही. निदान हे छापून यावं.

महाराजांनी पुढेही हे काम सोडलं नाही. मार्च १९१८ मध्ये मुंबईत अस्पृश्यता निवारणासाठी जी मोठी परिषद भरली तिचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. बारा वर्षांपर्यंत अक्षर न आलेला मुलगा साहित्य संमेलनाध्यक्ष झाला, हे आपल्या लेकरांना आवर्जून सांगा. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्रेसष्ट वर्षांवर राज्य केलं. राज्य पुढे भारतात विलीन झालं, गादी गेली. शाळा, वाचनालयं, बँक आणि बाग उरली.

आता तो घरचा विषय. आपल्या खुल्या जागेत आज जो गुलाबांचा वाफा आहे तो महिला मंडळाने जिवापाड वाढवला आहे. ऑक्टोबरची छाटणी, शेणखत, उन्हाळ्यात मैलावरून आणलेलं टँकरचं पाणी, सगळं त्यांनी केलं. पलीकडच्या वस्तीतली लेकरं फुलं तोडतात, मोंढ्यातले हमाल दुपारी येऊन झोपतात, म्हणून फाटकाला कुलूप लावून चाव्या फक्त सभासदांना द्याव्यात, असा अर्ज सर्वसाधारण सभेपुढे आहे. त्या अर्जावर दुसरी सही माझी आहे. मिरच्यांची पोती उतरवून घामेजलेला माणूस आपल्या कडुलिंबाखाली टेकतो, याचा मला तेव्हा राग यायचा.

ती सही मी या लेखाने मागे घेत आहे. फुलं जाऊ नयेत हे मलाही वाटतं. त्यासाठी वाफ्याला बुटकी जाळी करू, सकाळ-संध्याकाळ पाळीने लक्ष ठेवू, वस्तीतल्या चार पोरांना डोळा भरायला शिकवू. ज्याने कलम केलं तो फूल ओरबाडत नाही, हा माझा अनुभव आहे. पाळीत पहिलं नाव माझं लिहा. सकाळी साडेपाचला मी तसाही उठतोच. पण फाटक उघडं राहू द्या. कधी कुणाला पाच तास बसायला जागा लागेल, हे आपल्याला आधी कळत नसतं.

आणि हो, माझी वरची खोली येत्या उन्हाळ्यात पुन्हा रिकामी होते आहे. भाडं वाजवी आहे. या वेळी आडनाव विचारणार नाही.